बीबीचा नाला आणि बागेश्री



लोणार तालुक्यातल्या बीबी गावाचा समुद्राशी संबंध केवढा? बाजारातल्या सुकटाएवढा, असं पारावरचं कुणीही सांगेल. पण या तालुक्यातल्या पावसाचं पाणी खडकपूर्णेला मिळो की पैनगंगेला, अखेर ते गोदावरीत जातं आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात.

त्याच उपसागरात २०२३ साली कोकणातून एक पाहुणी गेली. तिचं नाव बागेश्री. ऑलिव्ह रिडले जातीचं हे मादी कासव. फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या मंडळींनी तिच्या पाठीवर एक छोटं यंत्र चिकटवलं. ती पाण्याखाली असली की यंत्र मुकं. श्वास घ्यायला वर आली की उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळायचा. काही महिन्यांतच बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून पूर्वेच्या समुद्रात शिरली. वर्तमानपत्रांतून तिची खुशाली छापून येऊ लागली. नुसता क्रमांक असता तर एवढी विचारपूस झाली नसती.

अर्थात क्रमांकानंही पुढं कमाल केलीच. ओडिशात २०२१ साली ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली! दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगवेगळी, हा समज त्यामुळं डळमळला.

खोल समुद्राच्या नशिबी मात्र विचारपूस व्हावी अशी बागेश्री नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजानं अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजचे काळे गोटे वर काढले. असा गोटा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. आता 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेण्यासाठी घडवली जात आहे. उद्या हे गोटे उपसताना उठलेल्या गाळात तिथल्या जिवांचं काय होईल? या प्रश्नावर शास्त्रज्ञ भांडतात, पारावर कुणी बोलत नाही.

आपल्या हातातलं काम त्या मानानं सोपं आहे. ऑलिव्ह रिडले जेलीफिश खातं, आणि पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी त्याला जेलीफिशसारखीच दिसते. आपल्याकडून वाहून जाणारा कचरा वाटेत येलदरी धरणाच्या भिंतीशी अडतो, पण सगळा नव्हे. तेव्हा फवारणी झाली की औषधाची रिकामी बाटली, पेरणी झाली की बियाण्याची पिशवी नाल्याच्या काठी टाकू नका. पहिल्याच मोठ्या पावसात ती वाहून जाते.