साक्ष दुसऱ्याची, दायित्व स्वतःचे



‘परवलीचा शब्द’ हा मराठीतला जुना, लष्करी शब्द आहे. रात्री छावणीच्या दाराशी जो तो शब्द उच्चारील तो आपला, उरलेले परके. संगणकयुगाने हा शब्द उचलला. परंतु छावणी एक राहिली नाही. विजेचे देयक, रेल्वेचे तिकीट, वाचनालय, मुलांची शिकवणी, प्रत्येकाचे दार निराळे. स्मरणशक्ती थकली की माणूस सर्व दारांना एकच शब्द लावतो आणि मग एका ठिकाणची चोरी सर्व ठिकाणची चोरी ठरते. या अडचणीवर उपाय म्हणून त्रयस्थाच्या साक्षीने प्रवेश देण्याची व्यवस्था रूढ झाली. संकेतस्थळांवर दिसणारी ‘गूगलद्वारे प्रवेश करा’ ही कळ म्हणजे तीच.

या व्यवस्थेचे तत्त्व जुन्या पिढीला नवे नाही. पूर्वी बँकेत खाते उघडताना एखाद्या जुन्या खातेदाराची ‘ओळख’ म्हणून स्वाक्षरी लागे. तो खातेदार नव्या माणसाविषयी साक्ष देई. कोणाच्या तिजोरीची किल्ली मात्र कोणाच्या हाती जात नसे. महाजालाच्या आरंभीच्या काळात ही मर्यादा पाळली जात नव्हती. परिचितांची नावे शोधून देण्यासाठी काही संकेतस्थळे वापरकर्त्याच्या टपालपेटीचा परवलीचा शब्दच मागून घेत. हा अनाचार थांबवण्यासाठी २००७ साली ‘ओऑथ’ हा संकेत सिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ साली आली. परंतु ओऑथ हे मुखत्यारपत्र आहे, ओळखपत्र नव्हे. ठरावीक कामापुरती परवानगी एवढाच त्याचा अर्थ. त्यावर ओळखीची भर घातली ती २०१४ च्या ‘ओपनआयडी कनेक्ट’ने.

कार्यपद्धती अशी. वाचनालयाचे संकेतस्थळ सभासदाला साक्षीदाराच्या, म्हणजे गूगलसारख्या सेवेच्या दाराशी पाठवते. सभासद आपला परवलीचा शब्द तेथेच देतो. वाचनालयाला तो कधीही दिसत नाही. साक्षीदार सभासदाच्या हाती अल्पकाळ टिकणारी एक खूणचिठ्ठी देऊन त्याला परत धाडतो. वाचनालयाचा सर्व्हर ती चिठ्ठी आणि स्वतःचे गुपित दाखवून साक्षीदाराकडून स्वाक्षरीयुक्त ओळखपत्र थेट मिळवतो.

एवढे जोडले की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः काम तेथे सुरू होते. ओळखपत्रावरची स्वाक्षरी खरी आहे काय? ते याच संकेतस्थळासाठी दिलेले आहे काय, की दुसऱ्याचे उचलून आणलेले? त्याची मुदत टळली काय? परतीचा पत्ता आधी नोंदवलेलाच आहे काय? परत आलेला माणूस निघालेलाच आहे, हे जाताना दिलेल्या खुणेवरून पडताळले काय? यांतील एक प्रश्न गाळला तरी दार उघडे राहते. सभासदाची नोंदही ई-मेलच्या पत्त्यावरून न करता साक्षीदाराने दिलेल्या कायम क्रमांकावरून करावी. पत्ता बदलतो, आणि न पडताळलेल्या पत्त्यावर विसंबून जुने खाते जोडले, तर एकाच्या घरात दुसरा शिरतो.

दुसरे पथ्य संयमाचे. वाचनालयाला नाव आणि पत्ता पुरतो. परिचितांची यादी मागण्याचे त्याला कारण नाही. अधिक मागितल्याने काय होते, हे केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणाने दाखवून दिले. फेसबुकच्या ओळखीने चालणाऱ्या एका प्रश्नावलीने उत्तरे देणाऱ्यांबरोबर त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा केली. २०१८ साली फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ती प्रश्नावली केवळ ३३५ जणांनी घेतली होती. झळ पोहोचण्याचा संभव होता तो सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांना. संमती एकाने दिली, उघडे पडले हजारो! कारणापुरतीच माहिती घ्यावी, हे तत्त्व भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही ग्रथित आहे.

तिसरे पथ्य स्वावलंबनाचे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्याच्या ओळखीवर चालणाऱ्या इतर सेवांची दारेही अनेकांना बंद झाली. ज्याच्या घराला एकच दार आणि त्याची किल्ली शेजाऱ्याकडे, त्याने घर आपले म्हणावे तरी कसे? म्हणून प्रवेशाचा एक मार्ग संस्थेचा स्वतःचा असावा आणि सभासदांची मूळ नोंद संस्थेच्याच दप्तरी राहावी.

गावोगावच्या संस्थांची संकेतस्थळे आज तरुण कार्यकर्ते हौसेने उभारीत आहेत. ही हौस स्तुत्य आहे. परंतु सभासद आपले नाव सोपवतो, ते संस्थेवरच्या विश्वासाने; त्रयस्थाकडे पाहून नव्हे. साक्ष उसनी घेता येते, विश्वास घेता येत नाही. तो राखण्याचे दायित्व ज्याचे दार, त्याचेच.