मेथी, चिंचोके आणि एक गोधडी
(मंडळाच्या कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने केलेलं भाषण)



'मिक्स्ड मीडिया'वर बोलायचं आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "म्हणजे मिसळच ना?" थट्टा सोडा, पण उत्तर अगदीच चूक नाही. रंग, कापड, कागद, लाकूड असं जे हाताला लागेल ते एका चित्रात आणायचं. मात्र नुसतं एकत्र करून भागत नाही. प्रत्येक वस्तूचा स्वभाव ओळखावा लागतो.

या वाटेवरचा मोठा माणूस म्हणजे रॉबर्ट राउशेनबर्ग. १९२५ सालचा जन्म, टेक्ससमधल्या पोर्ट आर्थरचा. १९५५ साली त्याने उशी, चादर आणि गोधडी लाकडी चौकटीवर लावली, वर रंग फासला आणि नाव दिलं 'बेड'. न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाकडे ते चित्र आहे. पुढे 'मोनोग्राम'मध्ये तर त्याने पेंढा भरलेल्या बोकडाच्या कमरेला गाडीचा टायर अडकवला! पुष्कळांनी नाकं मुरडली. पण १९६४ साली व्हेनिसच्या बिएनालेत चित्रकलेचं मोठं पारितोषिक त्यालाच मिळालं.

मला मात्र त्याची खरी गंमत वाटते ती १९७५ सालच्या भारतभेटीत. अहमदाबादला साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून तो आला आणि गांधीजींच्या आश्रमातल्या हातकागदाच्या कारखान्यात काम करू लागला. खेड्यातल्या मातीच्या भिंती पाहून त्याने भिजवलेल्या चिंध्यांचा लगदा घेतला आणि त्यात काय घातलं माहीत आहे? मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद! त्या गाऱ्यात बांबू, दोर आणि रेशमी कापड बसवून त्याने कलाकृती केल्या. हातकागदाच्या कामांना 'बोन्स' आणि या चिखलाच्या कामांना 'युनियन्स' अशी नावं आहेत.

आता बघा, यातली कुठली वस्तू आपल्याला नवीन आहे? चिंचोक्याची पूड पाण्यात शिजवली की चिकट खळ होते. आपल्याकडे घोंगडी विणणारे लोकरीच्या धाग्याला ती लावत आले आहेत. मोरचूद तर द्राक्षबागायतदार बुरशीवर फवारतात. आपल्याला ओळखीची म्हणून ती 'साधी' वाटते, आणि त्याला अनोळखी म्हणून ती सोन्यासारखी वाटली. 'याचा उपयोग काय' हे आपल्याला आधीच ठाऊक असतं आणि तिथेच आपली नजर थांबते. त्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने हात घालून पाहिलं.

इथे वाढणारी आपली मुलं काहीशी त्याच्याच जागी आहेत. माझ्या मुलीने मागच्या वर्षी विचारलं, "आजीची गोधडी मी कॅनव्हासवर लावू?" माझ्या आईने स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली ती गोधडी. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बेसमेंटमध्ये जपून ठेवली होती. आई आता नाही. कात्री लावायची कल्पनाच मला सहन होईना. दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. मग ती एवढंच म्हणाली, "पण आई, मी ती कधी हातातसुद्धा घेतलेली नाही."

शेवटी विरलेली एक कड आम्ही दोघींनी मिळून उसवली. आत तीन लुगड्यांचे थर निघाले. कुठलं लुगडं कधीचं, हे सांगता सांगता मध्यरात्र झाली. ती कड आज बाहेरच्या हॉलमध्ये, तिच्या चित्रात आहे. उरलेली गोधडी पुन्हा बेसमेंटमध्ये गेली नाही. ती मुलीच्या पलंगावर आहे.

घरी करून बघणाऱ्यांसाठी दोन सूचना. खळ किंवा पीठ वापरलंत तर चित्र पूर्ण वाळू द्या, नाहीतर बुरशी आणि किडे हमखास येतात. आणि मोरचूद विषारी असतो, तो मुलांच्या हाती मुळीच देऊ नका.

बाकी ट्रंकेत काय काय पडलंय ते या दिवाळीत मुलांना बाहेर काढू द्या. त्यातून चित्र होईल न होईल, पण प्रश्न नक्की विचारले जातील. आणि उत्तरं द्यायला आपण अजून आहोत.