दोन चाव्यांची पेटी



आमच्या गावच्या कब्रस्तानाला लागून एक ओढा होता. मी तेव्हा आठवीत-नववीत असेन. एका पावसाळ्यात ओढ्याने काठ खाल्ला आणि कडेची एक जुनी कबर उघडी पडली. हाडे दिसू लागली. कबर कोणाची, हे गावात कोणालाच सांगता येईना. अब्बा आणि चार म्हातारी माणसे जमली. त्यांनी पांढरे कापड आणले, हाडे त्यात गोळा केली, वरच्या अंगाला नवा खड्डा खणला, फातेहा पढली आणि मग सगळ्यांनी मूठ-मूठ माती लोटली. मीही लोटली. तासाभरात सगळे आटोपले. कोणाचे मढे ते ठाऊक नव्हते, पण आपल्यापैकी कोणाचे तरी, एवढे पुरेसे होते.

पुढे कित्येक वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मुंगो सरोवराविषयी वाचताना मला हा प्रसंग आठवला. तिथेही अशीच कबर उघडी पडली होती. मात्र तिथे हाडे कापडात गेली नाहीत, एका सूटकेसमध्ये गेली.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या नैर्ऋत्य भागात विलांड्रा नावाचा कोरड्या सरोवरांचा प्रदेश आहे. सरोवर म्हणायचे एवढेच. पाणी आटून हजारो वर्षे झाली. मुंगोच्या पूर्वेच्या काठावर वाऱ्याने चंद्रकोरीसारखी लांबच लांब टेकडी रचली आणि आता वारा-पाऊसच ती झिजवतात. पोटात दडलेले मग वर येते. १९६८ साली जिम बोलर नावाचा तरुण भूशास्त्रज्ञ तिथे मातीचे थर तपासत हिंडत होता. त्याला जळक्या हाडांचा एक पुंजका दिसला. पुढच्या वर्षी तो पुरातत्त्वज्ञांना घेऊन परत आला. हाडे माणसाची निघाली. जॉन मलव्हेनी या मोठ्या पुरातत्त्वज्ञाने आपल्या सूटकेसमधले कपडे बाहेर काढले, हाडे आत ठेवली आणि ती कॅनबेराच्या विद्यापीठात पोहोचली.

ती एका स्त्रीची हाडे होती. तिला कोणी तरी जाळले होते, मग हाडे फोडून पुन्हा जाळली होती आणि राख-अस्थी पुरल्या होत्या. माणसाने माणसाला अग्नी दिल्याची इतकी जुनी खूण जगात क्वचितच सापडली असेल. पुढे २६ फेब्रुवारी १९७४ रोजी पावसानंतर बोलरलाच जवळच एका पुरुषाचा सांगाडा दिसला. उताणा निजवलेला, हात मांडीजवळ एकमेकांत गुंफलेले आणि अंगावर लाल गेरूची पूड. हा गेरू त्या परिसरातला नाही, लांबून आणलेला. म्हातारपणी त्याच्या कोपराला संधिवात होता; भाला फेकून फेकून तसे झाले असावे, असे अभ्यासकांचे मत. दोघांचे वय २००३ साली नव्याने काढले गेले. सुमारे ४० हजार वर्षे.

चाळीस हजार वर्षांपूर्वी कोणी तरी कुठून तरी गेरू आणतो आणि आपल्या मेलेल्या माणसावर शिंपडतो. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. हे ज्ञान आपल्याला शास्त्रज्ञांनी दिले, हे कबूल केलेच पाहिजे. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही.

पण एक गोष्ट राहून गेली होती. त्या मुलखात बार्किंजी, मुथी मुथी आणि नियाम्पा हे तीन आदिवासी समाज राहतात. त्यांना कोणी विचारलेच नाही. काळ लक्षात घ्या. आदिवासींना जनगणनेतून वगळणारे कलम ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतून निघाले ते १९६७ च्या सार्वमताने. जी माणसे कालपर्यंत मोजलीच जात नव्हती, त्यांची परवानगी घ्यावी हे कोणाच्या डोक्यात येणार?

आणि आपल्याकडे? योगायोग असा की त्याच १९६८ साली शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन सुरू केले. घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले आणि आत लहान मूल, अशी दफने तिथे निघाली. ती छायाचित्रे मी कितीदा पाहिली आहेत. त्या मुलांच्या बाबतीत कोणाला विचारायला हवे होते का, हा प्रश्न मुंगोविषयी वाचेपर्यंत मला एकदाही पडला नव्हता. मीसुद्धा कब्रस्तानात वाढलेला माणूस, तरी नाही.

मुंगोत प्रश्न विचारला तो बायकांनी. तिथे समाजातल्या ज्येष्ठ स्त्रीला आंटी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसे. मुथी मुथी समाजातल्या अशा एक आंटी म्हणजे ॲलिस केली. आम्ही इथे पहिल्यापासून आहोत, हे आम्हाला ठाऊकच होते. आता आमची माणसे परत आणा, असे या बायकांचे म्हणणे. वर्षानुवर्षे त्या हेच सांगत राहिल्या. काही पुरातत्त्वज्ञांनी ऐकले, त्यांच्याशी बोलणी सुरू केली. १९९२ साली ती स्त्री परत आली.

परत आली, पण लगेच पुरली नाही. तिची पेटी मुंगोच्या राष्ट्रीय उद्यानात एका कुलूपबंद तिजोरीत ठेवली. या तिजोरीला दोन चाव्या. एक आदिवासींकडे, दुसरी पुरातत्त्वज्ञांकडे. दोघे आल्याशिवाय उघडणार नाही. पूर्वी आपल्याकडे एकत्र कुटुंबात दागिन्यांच्या पेटीची अशी व्यवस्था असे. दोन भावांचा एकमेकांवर विश्वास नसला की. इथे मला ती अविश्वासाची वाटत नाही. निदान एक चावी तर हातात आली.

या विचारण्याने शास्त्राचे काही अडले का? उलट मिळालेच. २००३ साली मुथी मुथी समाजातल्या एका तरुणीला त्याच परिसरात, वाळूखालून वर आलेल्या कडक चिखलात पावलांचे ठसे दिसले. सुमारे २० हजार वर्षांपूर्वीचे. पुढे असे शेकडो निघाले. मुलांचे, बायकांचे, धावणाऱ्या पुरुषांचे. त्यात एक गोष्ट शास्त्रज्ञांना उलगडेना. एका माणसाच्या फक्त उजव्या पायाचे ठसे होते, डावा कुठेच नाही. मग मध्य ऑस्ट्रेलियातून पिंटुपी समाजाचे माग काढणारे लोक बोलावले. आपल्याकडेही चोराचा माग काढणारे पागी असत. पिंटुपींनी पाहिले आणि सांगितले, हा एका पायाचा माणूस आहे, उड्या मारत चाललाय. आणि चांगला वेगात चाललाय. प्रयोगशाळेतल्या कोणत्या यंत्राने हे सांगितले असते?

ठसे नंतर वाळूने पुन्हा झाकून टाकले, वाऱ्याने झिजू नयेत म्हणून.

दुसरे उदाहरण. मुंगोच्या त्या पुरुषाच्या डीएनएवरून २००१ साली एक खळबळजनक निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. आताच्या आदिवासींशी त्याचे नाते जुळत नाही, असा त्याचा अर्थ काढला जाई. तुम्ही इथले मूळ नव्हेतच, असे म्हणायला काहींना हे आयते सापडले. २०१६ साली तिन्ही समाजांची संमती घेऊन नमुने पुन्हा तपासले, तेव्हा जुन्या नमुन्यात युरोपीय माणसांचा डीएनए मिसळला असल्याचे उघड झाले. त्या पुरुषाचा स्वतःचा डीएनए हाती लागलाच नाही. म्हणजे जो दावा मोडला गेला, तो ज्यांच्याविरुद्ध वापरला जात होता त्यांच्याच परवानगीने मोडला गेला.

विचारणे हा उपचारही होऊ शकतो, हे मात्र सांगितले पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकान घळीत ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर असलेला खडकातला आसरा होता. तिथे मानवी केसांची सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची एक वेणी सापडली आणि तिचे नाते तिथल्याच आजच्या माणसांशी जुळले. एवढे हाती येऊनही रिओ टिंटो या खाणकंपनीने मे २०२० मध्ये सुरुंग लावून ती जागा उडवली. कायद्याने परवानगी होती. ती २०१३ सालीच घेतलेली. वेणी वगैरे त्यानंतर सापडली आणि दिलेल्या परवानगीचा फेरविचार करायला कायद्यात जागाच नव्हती. एकदा विचारून घेतले की झाले, अशी ही रीत. पुढे बोभाटा झाला, कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. घळ काही परत आली नाही.

मुंगोकडे परत वळू. तो पुरुष १९७४ पासून कॅनबेरात होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो घरी निघाला. हजारो वर्षे जुन्या रेड गम लाकडाची शवपेटी केली होती. ती काळ्या शववाहिनीत ठेवली, आणि वाटेतल्या गावागावांत थांबत, लोकांच्या समारंभांतून ती मुंगोला आली. सोबत शंभराहून अधिक जणांचे अवशेष होते. मयताला खांदा द्यायला वाटेत माणसे वाढत जातात, तसेच काहीसे हे मला वाटले.

गोष्ट इथे संपली असती तर मला सांगायला बरे वाटले असते. पण पुढे काय करायचे यावर एकमत नव्हते. पुरून टाकावे, जागा कोणाला सांगू नये, असे समाजाच्या प्रतिनिधींचे म्हणणे. काही ज्येष्ठांना मात्र ते पटत नव्हते. त्यांना एक जतनाची जागा हवी होती, जिथे आपल्या पोरांना नेऊन दाखवता येईल. बोलरही पुरण्याच्या विरोधात बोलले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारने दफनाला मंजुरी दिली. विरोध करणारे कायदेशीर मार्गाने ते थांबवू पाहत होते. तेवढ्यात मे महिन्यात ती स्त्री आणि तो पुरुष गुपचूप पुरले गेले. आम्हाला विचारले नाही, असे आता त्या ज्येष्ठांनी म्हटले. पन्नास वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांवर जी तक्रार होती, तीच.

समाजाला विचारा, असे आपण सहज म्हणतो. समाज म्हणजे कोण? समितीवर निवडून आलेले? की घरात बसलेली म्हातारी? आमच्या मोहल्ल्यातही समाजाच्या वतीने सही करायला पुढे येणारे कोण असतात, ते मी पाहिले आहे. त्यात आजी-अम्मी कधी नसतात.

मला विचाराल तर मी पुरण्याच्या बाजूचा. मेलेल्या माणसाला माती मिळावी, ही माझ्या रक्तातली गोष्ट आहे आणि त्यात मी तटस्थ आहे असा आव आणणार नाही. पण त्या ज्येष्ठांची तक्रार मला टोचत राहते. आमच्या ओढ्याकाठच्या त्या नव्या कबरीवर अब्बांनी एक दगड आणून ठेवला होता. नाव घालायला नव्हतेच. ओढ्याकडे जाता-येता मात्र आम्ही पोरे तिथे चप्पल काढून उभी राहायचो. मुंगोत ती दोघे नेमकी कुठे आहेत, हे जाहीर केलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)