कुटुंब-शिबिरातील सेवकांचे मनोगत

(महोत्सवी सभेत शिबिरसेवकांच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाविषयी अधिकारी वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. आम्हांस तो अधिकार नाही. आम्ही टोप घासणारी, पाणी भरणारी, मुले सांभाळणारी मंडळी. दर मे महिन्यात शाळा-कॉलेजांस सुट्टी लागली म्हणजे धर्मग्रामातर्फे चार दिवसांचे जे कुटुंब-शिबिर भरते, त्यात आम्ही मुलगे व मुली सेवक म्हणून राबतो. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आम्हांस जे दिसले, तेवढेच आपल्यापुढे ठेवावे असे योजिले आहे.

ज्यांनी हे शिबिर पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एकांतवासास मनुष्य एकटा जातो. येथे आईबाप, मुले, क्वचित आजीआजोबाही एकत्र येतात. सकाळी मिस्साबली, नंतर थोरांसाठी प्रवचन व मुलांसाठी खेळ आणि बायबलातील गोष्टी. दुपारी पतिपत्नींनी मोबाइल दूर ठेवून अर्धा तास एकमेकांशी बोलावयाचे. सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावयाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबास घरातील ख्रिस्तसभा असे संबोधिले, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी लिहिलेल्या बोधपत्रात त्याच विचाराचा विस्तार केला. त्या विचाराची उजळणी व्हावी, हाच आपल्या शिबिराचा हेतू.

सेवकांचा दिवस पहाटे चार वाजता सुरू होतो. प्रथम शेगडी पेटते, चहाचे आधण चढते. मग तांदूळ निवडणे, कांदे चिरणे, पंगती वाढणे, रडणारी पोरे रमविणे. आणि रात्री शेवटचा टोप पालथा घालेपर्यंत साडेदहा वाजतात. पहिल्या दिवशी सर्वांस मोठा हुरूप असतो. दुसऱ्या दिवशी पाठ धरली म्हणजे कोणी किती भांडी घासली याचा हिशेब सुरू होतो. मार्थाने आपल्या बहिणीविषयी प्रभूकडे जी तक्रार केली, ती आमच्या मोरीपाशी रोज दोनदा तरी होत असे, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु एक चूक अशी आहे की तिचा उच्चार केल्याशिवाय हे मनोगत पुरे व्हावयाचे नाही. एका वर्षी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोरीतील नळ उघडा टाकून विश्रांतीस गेलो. जाग आली तेव्हा गच्चीवरील टाकी रिकामी झाली होती. टँकर सकाळशिवाय येणार नव्हता. आवारात एक जुनी विहीर होती, पण तिचा पंप कधीचा बंद पडलेला. शिबिरात दीडशे माणसे, त्यांत तान्ही मुले. आमच्यापैकी काहींनी सुचविले की वीज गेल्यामुळे पाणी चढले नाही असे सांगून वेळ मारून न्यावी. आम्ही त्यास जवळजवळ तयारही झालो होतो. शेवटी एकीने फादरांपाशी जाऊन खरे ते सांगितले. फादर शांतपणे म्हणाले, "मला काय सांगता, बाळांनो? ज्यांचे पाणी सांडले त्यांना सांगा."

रोझरी संपल्यावर आम्ही सर्वजण पुढे उभे राहिलो आणि आपला अपराध सांगितला. कोणी काही बोलेना. मग आमटीत मीठ कमी म्हणून सकाळपासून कुरकुरणारे एक आजोबा उठले व म्हणाले, "पोहरा आहे का रे? आणि दोर?" पोहरा अडगळीत सापडला. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत माणसांची रांग लागली आणि बादल्या हातोहात सरकू लागल्या. पाणी किंचित मचूळ होते; पिण्यास नव्हे, पण भांड्यांस व स्नानास चालण्याजोगे. पिण्यापुरते हंडे शेजारच्या घरांतून आले.

त्या रांगेत एक वडील व त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा शेजारीशेजारी उभे होते. दोन दिवस ते एका पंगतीस बसले नव्हते. पण रांगेत निराळी जागा नव्हती. प्रथम त्यांच्यात "धर" आणि "सोड" एवढेच शब्द होत. तासाभराने वडिलांनी विचारले, "दमलास का?" मुलगा म्हणाला, "नाही बाबा, तुम्ही बसा." यापुढे त्यांच्या घरी काय झाले हे आम्हांस ठाऊक नाही, व झालेच असे सांगून आम्ही आपली फुशारकी मारणार नाही. ते दोन शब्द मात्र आम्ही आमच्या कानांनी ऐकले.

पुढे कानागावच्या लग्नाची कथा वाचताना आम्हांस ती रात्र आठवली. तेथील सहा दगडी रांजणांत प्रत्येकी सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. म्हणजे एकंदर पाचशे ते सातशे लिटर. ते पाणी कोणीतरी पाठीखांद्यावर वाहिलेच असेल. भोजनप्रमुखास द्राक्षारस कोठून आला याचा पत्ता नव्हता. पाणी काढणाऱ्या सेवकांस मात्र तो होता, असे संत योहान मुद्दाम नमूद करितो. पंगतीत मानाची जागा सेवकास नसते. परंतु प्रभूचे काम जवळून पाहण्याची जागा त्याचीच असते.

आता आमच्या दुसऱ्या अपराधाविषयी. त्याच शिबिरात आमच्यातील एकाची आई पाहुणी म्हणून आली होती. आपला मुलगा दीडशे ताटे हसतमुखाने धुताना ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबू, घरी तू तुझे एक ताट तरी उचलतोस का रे?" सगळे हसले; तोही हसला. पण त्या रात्री आमच्यापैकी कोणासच लवकर झोप आली नाही. कारण तो प्रश्न आम्हां सर्वांस लागू होता. परक्यांच्या मुलांस आम्ही गोष्टी सांगतो आणि धाकट्या भावंडांवर खेकसतो. परक्या आजोबांस हात देतो आणि आपल्या आजीच्या हाकेस ओ देत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या बोधपत्रात कुटुंबास तीन गोष्टींची आठवण दिली आहे: परवानगी विचारणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे. शिबिरात आम्ही हे शब्द दिवसातून शंभरदा उच्चारीत असू. घरी ते आमच्या तोंडी क्वचितच येत. तेव्हापासून आम्ही एक नेम केला आहे: शिबिराहून परतल्यावर निदान आठ दिवस आपल्या घरी शिबिरातील सेवकाप्रमाणे वागावयाचे. नेम दरवर्षी पुरता पाळला जातो असे नाही. पण मोडला म्हणजे आता बोचतो.

संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचे सुपुत्र. ते धर्मगुरू नव्हते. जपानात त्यांनी प्रथम येशूसंघीयांजवळ धर्मशिक्षकाचे काम केले. पुढे काही काळ व्यापार केला. आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून प्रवेश केला. इतरांच्या बोलण्याचा दुभाषा होऊन ते पुन्हा जपानात गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रूसावर प्राण अर्पिले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून गौरविले. सेवकाचे स्थान स्वीकारणाऱ्या या संताची भूमी आपली आहे, याचे स्मरण असू द्यावे.

शेवटी दोन विनंत्या. आईबापांनो, मे महिन्यातील क्लास आणि पुढील परीक्षांची चिंता आम्हांस कळते. तरी त्यातील चार दिवस आपल्या मुलामुलींस या कामासाठी द्यावे. आणि तरुण मित्रांनो, मनुष्यबळ दरवर्षी कमी पडते. येत्या शिबिरास अवश्य या. काम कष्टाचे आहे, शाबासकी थोडी आहे. पोहरा व दोर मात्र आता जाग्यावर ठेविला आहे.

 पवित्र मरियामाता आपल्या प्रत्येक घराचे रक्षण करो, आणि प्रभू येशू आपल्या कुटुंबांस प्रेमाने एकत्र ठेवो, हीच प्रार्थना.