पत्ता सापडत नाही

चुकीचा पत्ता असलेले पत्र हाती आले तर पोस्टमन काय करतो? शेजारच्या घरात टाकून मोकळा होत नाही. 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून परत पाठवतो. वेबसाइटनेही असेच वागायला हवे. हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून.

एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट मी तयार केली होती. प्रत्येक सूचनेला एक क्रमांक होता. तो पत्त्याच्या शेवटी लिहिला की ती सूचना उघडायची. एके दिवशी एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला, "साहेब, यंदा शिष्यवृत्ती नाही का?" मी चक्रावलो. शिष्यवृत्ती होती आणि अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

पत्ता टाइप करताना त्यांचा एक आकडा चुकला होता. त्या क्रमांकाची सूचनाच नव्हती. पण माझ्या वेबसाइटने तसे सांगितले नाही. 'शिष्यवृत्ती सूचना' असा मथळा दाखवला आणि खाली सगळे कोरे! यंदा काही नाही, असाच अर्थ कुणीही लावला असता. मुलीचा अर्ज वेळेत गेला, कारण वडिलांनी फोन केला. ज्यांनी केला नाही, त्यांचे काय झाले असेल?

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर मजकुराआधी तीन आकडी क्रमांक पाठवतो. एरवी तो आपल्याला दिसत नाही. २०० म्हणजे सर्व ठीक, ३०१ म्हणजे पान कायमचे दुसरीकडे हलवले, ४०४ म्हणजे पान सापडले नाही. वेबच्या १९९६ सालच्या नियमावलीतही हे क्रमांक आहेत. माझा प्रोग्रॅम मात्र नसलेल्या पानालाही २०० म्हणत होता. गूगल अशा पानांना 'सॉफ्ट ४०४' म्हणते. सर्व्हरच 'ठीक' म्हणाला, तर पान नाही हे शोधयंत्राला कळणार कसे?

दुरुस्ती दोन-चार ओळींची होती. क्रमांक डेटाबेसमध्ये नसेल तर मजकुराआधी ४०४ पाठवायचा. सोबतचे पान साध्या मराठीत लिहिले: 'हे पान सापडले नाही. पत्ता तपासा. सर्व सूचनांची यादी येथे आहे.'

यातही एक खाचखळगा आहे. अपाची सर्व्हरला चुकीसाठीच्या पानाचा 'एचटीटीपी'पासूनचा पूर्ण पत्ता दिला, तर तो वाचकाला तिकडे वळवतो आणि ४०४ वाटेतच हरवतो. म्हणून तिरप्या रेषेने सुरू होणारा, आपल्याच साइटवरचा मार्ग द्यावा. काही जण चुकलेल्याला सरळ मुखपृष्ठावर आणून सोडतात. ते सौजन्याचे वाटते, पण आपण चुकलो हे त्या माणसाला समजतच नाही.

तुमची किंवा तुमच्या संस्थेची वेबसाइट असेल, तर तिच्या पत्त्यापुढे मनाला येतील ती अक्षरे लिहून पाहा. 'नाही' असे स्पष्ट उत्तर मिळाले, तर माणूस पत्ता पुन्हा तपासतो, कुणाला तरी विचारतो. कोऱ्या पानापुढे मात्र तो गप्प परत फिरतो.