कालेबाने डोंगर मागितला
(मंडळीतील ज्येष्ठांच्या सहभागितेत दिलेले भाषण)



व्यायामाचा विषय काढला की कोणीतरी लगेच पौलाचे पत्र पुढे करते. तीमथ्याला त्याने लिहिलेच आहे ना, शरीराच्या कसरतीचा लाभ थोडाच! खरे आहे. पण हे लिहिणारा माणूस, सोबती तारवाने गेले तेव्हा, त्रोवसाहून अस्सापर्यंत पायी गेला होता. त्याला चाला म्हणून सांगायची गरज नव्हती. आपल्याला आहे. शरणपूर रोडवर पाव आणायलाही आपण आता रिक्षा बघतो.

पाड्यावरच्या लोकांना व्यायाम कशाला, ते कष्टच करतात, असे मीही म्हणत असे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एक आजी आहेत. सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांनी डोक्यावर हंडा वाहिला, नागलीच्या आवणीत दिवसदिवस कंबर वाकवली. मग मोतीबिंदूने दिसेनासे झाले. मुलगा-सून द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेली. आजी ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. दोन पावसाळ्यांत मांड्या काडीसारख्या झाल्या. एका रात्री उंबऱ्यात पडल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आजही दोघांनी धरल्याशिवाय त्या उठत नाहीत. मोतीबिंदूसाठी आम्ही वेळेवर गेलो असतो तर, हा विचार मला सोडत नाही.

न वापरलेला स्नायू झिजतो, आणि उतारवयात फार लवकर झिजतो. पाय कमजोर झाले की तोल जातो. एकदा पडलेला माणूस भीतीने आणखी बसून राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे 65 वर्षांपुढच्यांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम वेगाने चालावे. बोलता येईल पण गीत म्हणता येणार नाही, इतपत वेग. मात्र नुसते चालणे पुरत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. हात न टेकता खुर्चीवरून उठा, बसा. पाच वेळा जमले तरी आज पुरे. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा; हृदयविकार असलेल्यांनी आधीच विचारावे.

कालेब 85 वर्षांचा होता. यहोशवाकडे त्याने मागितला तो हेब्रोनचा डोंगराळ मुलूख, तोही अनाकी राहत असलेला. सपाटीची जमीन मागता आली असती! आणि आपल्याच जिल्ह्यात, 2020 च्या ऑक्टोबरात, 68 वर्षांच्या आशा आंबडे हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या चढून गेल्या. आपण गडावर जायचे नाही. जिन्यापासून सुरुवात करू.

येत्या रविवारपासून उपासनेनंतर खुर्च्या आवरण्याआधी पंधरा मिनिटे थांबायचे आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी भिंतीकडची रांग घ्यावी.

त्या पाड्यावर आम्ही ओट्याला बांबूचा कठडा बसवला आहे. त्याला धरून चार म्हातारी माणसे सकाळी उठबस करतात. आजी बसल्या जागी पाय हलवतात आणि बाकीच्यांचे आकडे मोजतात. आणखी तीन पाड्यांवर असे कठडे लावायचे आहेत. बांबू तिथेच मिळतो, मजुरीपुरते पैसे हवेत. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी पाळकसाहेबांकडे नाव द्यावे.