निरोप मुक्कामी कसा पोहोचतो ?
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला भूगोलाचा शिक्षक. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही संगणकांच्या जाळ्यातून माहिती कशी वाट काढते, या विषयावर आज बोलण्याचे मी ठरविले आहे. त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. सकाळीच शाळेचा संगणक नव्याने बसविला होता आणि जोडणीचे आकडे मी स्वतःच्या हाताने भरले होते. दुपारी दहावीतील एक मुलगा व एक मुलगी यांचे अर्ज भरावयास बसलो, तर अर्जाचे पान काही उघडेना. शेजारच्या खोलीतील छपाईयंत्र मात्र त्याच संगणकावरून व्यवस्थित चालत होते. तास-दीड तास वाट पाहिली. मुलीचे घर शेजारच्या खेड्यात. मी तिला म्हणालो, "बेटा, नेट गेले आहे. आता नशीब." ती आपली कागदपत्रे घेऊन शेवटच्या गाडीने निघून गेली. मुलगा गावातलाच, म्हणून बसून राहिला.

संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी सहज शाळेत आला. हा वायरिंगची कामे करतो. त्याने एकच प्रश्न विचारला : "सर, कहाँ तक जारा, देखे क्या?" कुठपर्यंत जाते आहे, हे पाहिले का? मी पाहिले नव्हते. नेट असते किंवा नसते, एवढेच मला ठाऊक होते. त्याने दहा मिनिटांत दोष शोधला. मी भरलेल्या आकड्यांत एक आकडा चुकला होता. मुलाचा अर्ज रात्री साडेनऊला गेला. मुलीच्या वडिलांचा फोन लागला नाही. तिची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेली.

एका आकड्याने एवढे काय बिघडले, हे समजण्यासाठी प्रथम आपल्या टपालाकडे पाहू. उमरीचा पिनकोड 431807. ही पिनकोडची योजना 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या महाराष्ट्राचे, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेतील खुबी पाहा. चेन्नईच्या टपाल कार्यालयातील माणसाला उमरी कोठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. पहिला आकडा 4 पाहिला की पश्चिमेकडची थैली. पुढे पहिले तीन आकडे पाहून छाननीचा जिल्हा ठरतो. शेवटचे तीन आकडे वाटपाचे कार्यालय सांगतात. प्रत्येकाने आपल्यापुरते आकडे वाचावयाचे आणि पुढच्या हाती द्यावयाचे. संपूर्ण वाट कोणालाच पाठ नसते, तरी पत्र घरी येते.

संगणकांच्या जाळ्यातही हेच चालते. त्यातील कामांची विभागणी थरांमध्ये केलेली आहे. तार किंवा लहरी सांभाळणारा थर खाली, आपण पाहतो ते पान दाखविणारा वर, आणि मधला जो थर पत्ता वाचून वाट ठरवितो त्याला नेटवर्क थर म्हणतात. प्रत्येक यंत्राला त्यात आकड्यांचा पत्ता असतो. 1981 साली ठरलेल्या पद्धतीत 0 ते 255 मधील चार आकडे असतात. असे पत्ते सुमारे 429 कोटीच होतात. ते अपुरे पडू लागले म्हणून आता पुष्कळ लांब पत्त्यांची नवी पद्धतही वापरात आहे.

आपण पाठविलेला मजकूर किंवा फोटो अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. जागोजागी राउटर नावाची यंत्रे बसविलेली असतात. ती रेल्वेच्या जंक्शनासारखी समजा. राउटरजवळ एक तक्ता असतो : अमुक आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अमुक दिशेला. ज्या ओळीशी पत्त्याचे सुरुवातीचे जास्तीत जास्त आकडे जुळतात, त्या ओळीप्रमाणे पॅकेट पुढे ढकलले जाते.

हा तक्ता कोण भरतो? बहुतांशी राउटर एकमेकांना सांगूनच भरतात. "माझ्यामार्फत अमक्या पत्त्यांपर्यंत जाता येते," असे प्रत्येक जण शेजाऱ्याला कळवितो. सर्वांत जवळची वाट काढण्याचे एक गणित डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केले. ते आजही अनेक राउटर वापरतात.

वाट बंद पडली तर? आपल्या उमरीहून मुंबईचा नेहमीचा रेल्वेमार्ग मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, मनमाड असा. समजा परभणीच्या पुढे रूळ वाहून गेला, तर पूर्णा जंक्शनावरून हिंगोली-अकोल्याकडे गाडी वळविता येते. तसेच राउटर वाट बंद झाल्याची खबर एकमेकांना देतात आणि तक्ते बदलतात. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबली तुटल्या व भारतातील इंटरनेट फार मंदावले. तेव्हा पश्चिमेकडची पुष्कळशी वाहतूक पूर्वेकडील केबलींवरून वळविण्यात आली. काम मंदावले, पण थांबले नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा थर पोहोचविण्याची हमी देत नाही, तो फक्त प्रयत्न करतो. पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठविणे, उलटसुलट आलेली पॅकेटे क्रमाने लावणे, हे काम त्याच्या वरच्या थराचे. आणि चुकीच्या तक्त्यामुळे पॅकेट गोल गोल फिरत राहू नये म्हणून प्रत्येकावर मुक्कामांची मर्यादा लिहिलेली असते. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झाले की पॅकेट टाकून दिले जाते, आणि टाकणारा राउटर बहुधा तसा निरोप मागे पाठवितो.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याने याच निरोपाचा उपयोग केला. पहिल्या पॅकेटवर मर्यादा एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन अशी लिहून पाठविली की वाटेवरील मुक्काम एकामागून एक आपली ओळख देतात. जेथे उत्तर थांबते, त्याच्या आसपास दोष शोधावयाचा. आमच्याकडे तर पहिल्या मुक्कामाचेच उत्तर आले नाही. आपल्या आवारातील यंत्राला निरोप थेट देता येतो, म्हणून छपाई होत होती. बाहेर जाणारा निरोप मात्र दारातील राउटरकडे, म्हणजे गेटवेकडे, द्यावा लागतो. त्या गेटवेचाच आकडा मी चुकीचा लिहिला होता. म्हणजे टपालपेटी समजून भिंतीवर पत्र टाकण्यासारखे झाले. नेट कोठेही गेले नव्हते. ते आमच्या दारात उभे होते.

पालकहो, ती मुलगी आज अकरावीत शिकते आहे. तिचे वडील जिनिंगवर मजुरी करतात आणि त्यांनी उधार-उसनवार करून फी भरली. मी त्यांच्या घरी जाऊन माझी चूक सांगितली. ते मला रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. आता मुदतीच्या आठ दिवस आधी आम्ही सर्व अर्ज भरतो, आणि भिंतीवर जोडणीचे आकडे मोठ्या अक्षरांत लावून ठेवले आहेत.

आपल्या मुलांचे प्रवेश, दाखले, शिष्यवृत्त्या आज याच वाटेने जातात. वाटेची माहिती नसलेला माणूस पहिल्याच अडथळ्याला नशीब म्हणतो आणि घरी जातो, जसे मी त्या मुलीला पाठविले. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे गणितात रस घेतात त्यांनी हा विषय पुढे अवश्य शिकावा. ज्यांना शिकावयाचा नसेल त्यांनी निदान एवढे करावे : काम अडले की "गेले" म्हणू नका. कुठपर्यंत पोहोचले, हे आधी विचारा.